पाटणकर बाईंचा युका

पाटणकर बाईंच्या घरी पाणी मागितल्याशिवाय मिळायचं नाही. मागितलं तर मिळायचं, चांगलं तांब्याभर मिळायचं. पण आपण कधी कोणाकडे पाणी मागतो का? समोरचा विचारतो, "पाणी आणू?" आपण म्हणतो, "राहू दे हो, कशाला," आणि समोरचा घेऊन येतो. इतकी साधी रीत. पाटणकर बाईंना ती मंजूर नव्हती. "राहू दे" म्हटलं की त्या खरंच राहू द्यायच्या.

एकदा ऐन मे महिन्यात माझी नणंद कणकवलीहून आलेली. तिला समोरच्यांचं झाड बघायचं होतं, म्हणून मी तिला घेऊन गेले. उकाड्याने तिचा जीव नुसता कासावीस. बाईंनी विचारलं, "पाणी?" नणंद पदराने वारा घेत म्हणाली, "नको नको, राहू दे." झालं! बाई शांतपणे खुर्चीत टेकल्या आणि झाडाबद्दल बोलत बसल्या. आमच्या घरात परत आल्या आल्या नणंदेने आधी दोन पेले पाणी घशाखाली उतरवलं आणि मला म्हणाली, "गे वयनी, हिच्या घराक पाणी येणा नाय काय?" मला आतून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! निदान माझ्या नणंदेला तरी ती बाई पसंत पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर मी बाईंना हसत हसत सुनावलं, "काल आमच्या पाहुणीला तहान लागलेली हो."

"मग नको का म्हणाल्या?" बाईंनी विचारलं. खोचकपणा नाही, काही नाही. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

डोंबिवली पूर्वेला, आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. आमच्याकडे मी, आमचे हे, आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. शिवाय कायम कोणीतरी गावचं आलेलं. समोर पाटणकर बाई एकट्या. सगळा जन्म त्यांनी नौपाड्यातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर काढला होता. पेशंट आला की त्या दोनच प्रश्न विचारायच्या, "काय होतंय? कधीपासून?" रिटायर झाल्या तरी ते दोन प्रश्न काही सुटले नाहीत. मिक्सर बिघडल्याचं सांगा, सुनेशी वाजल्याचं सांगा, नाहीतर लिफ्ट बंद पडल्याचं सांगा, बाईंचं आपलं तेच, "कधीपासून?" लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सरळ सांगून टाकलं असतं, आणि मग मला काय बोलावं ते सुचलं नसतं.

आमच्या घरात त्या कधी बसायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून काम सांगायचं, "चला" म्हणायचं, आणि वळायचं. "या ना आत," असं आई म्हणायच्या तेव्हा बाई विचारायच्या, "काही काम आहे का?" आता ह्यावर काय बोलणार? 

असं असूनही सगळ्या बिल्डिंगला त्यांचं कौतुक. त्याला कारण तो युका, म्हणजे त्यांचं ते शोभेचं झाड. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि मी ते लपवणार नाही. बाईंच्या हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी ते झाड उभं असायचं, जाडजूड खोडाचं, लांब हिरव्यागार पानांचं, जवळजवळ छताला टेकलेलं. एक पान पिवळं नाही की एका टोकाला करपल्याची खूण नाही. रविवारी सकाळी बाई जुन्या मऊ पातळाचं ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायच्या. दार उघडंच असायचं. मी पोह्यांचे कांदे चिरता चिरता ते सगळं बघायचे आणि माझा कांदा बारीकच होत जायचा.

आणि खरी जळफळ कशाची, तर दोन्ही झाडं एकाच गाडीवरची! आमच्या गल्लीत रविवारी हातगाडीवर रोपं घेऊन एक भय्या यायचा. त्याच्याकडे युकाची दोनच होती. आम्ही दोघी एकदमच खाली उतरलो होतो. मी आधी हात घातला आणि त्यातलं चांगलं, भरलेलं, सरळ खोडाचं मी उचललं. बाईंच्या वाट्याला आलेलं वाकडं होतं, एका बाजूने बोडकं. मला वर चढताना त्यांची कीवसुद्धा आलेली. आणि तेच वाकडं झाड पुढे सरळ होऊन छताला भिडलं, आणि माझं सरळ झाड हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभं राहून पिवळं पडत गेलं.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? अंड्याची टरफलं कुस्करून घातली, केळ्याच्या सालींचं खत घातलं, मोबाईलवर कोण कोण बायका सांगतात ते सगळं केलं. कुंडी मोठी घेतली. सोफा सरकवून झाड खिडकीशी आणलं. पाणी तर मी अगदी मोजकं, रविवारचं रविवारी, माती कोरडी वाटली तरच. तरीसुद्धा खालची पानं एकेक करून माना टाकत होती. गणपतीत आमच्याकडे ही गर्दी, आणि आरती झाली की पाहुणे प्रसाद खात खात समोर जायचे, झाड बघायला. परत येऊन मलाच सांगायचे, "वहिनी, पाटणकर बाईंकडून जरा शिकून घ्या की." आमचे हे त्यांच्यात सामील. एकदा मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "एवढं आवडतं तर राहा जाऊन तिथे, पाणी मात्र मागून प्या."

शेवटी खोडाची साल सुटायला लागली तेव्हा माझा नाइलाज झाला. मी समोर गेले. जाताना इतकं जिवावर आलं होतं! बाईंनी दार उघडलं.

"काय होतंय?"

"माझा युका जातोय."

"कधीपासून?"

पहिल्यांदाच त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या. खोड अंगठ्याने दाबून पाहिलं, तर पिकल्या पपईसारखं दबलं. कुंडीत बोट खुपसलं, वर काढलं, वास घेतला.

"पाणी फार होतंय. कोण घालतं?"

"मी. तेही रविवारी फक्त," मी म्हटलं.

"मी तर हातसुद्धा लावत नाही," हे म्हणाले.

"मी आपली तुळशीपुरती," आई म्हणाल्या.

बाईंनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. दवाखान्यात पथ्य पाळतो म्हणून छातीठोक सांगणारे पेशंट त्यांनी कमी पाहिले नसणार. "उद्या मी येऊन बसते," एवढंच म्हणाल्या, आणि गेल्या.

आणि खरंच आल्या हो! सकाळी नाश्ता आटोपून आल्या आणि कुंडीसमोरच्या खुर्चीत बसल्या. आईंनी सवयीने पाणी आणून पुढे केलं, विचारलंबिचारलं काही नाही. बाई जरा चपापल्या, मग पेला घेतला आणि सगळा संपवला.

त्या दिवशी आमच्याकडे नेहमीसारखंच चालू होतं. गावचे भाऊकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिलेले. सोसायटीचे सेक्रेटरी बिल्डरच्या मीटिंगचं सांगायला आले. ह्यांचा ऑफिसातला मित्र लेकीची लग्नपत्रिका घेऊन सपत्नीक आला. दुपारी आईंच्या भजनी मंडळातल्या बायका. प्रत्येकाला आल्याबरोबर पाणी, मग चहा. बाई हलल्या नाहीत. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या, बाकी लक्ष कुंडीकडे. जेवायच्या वेळी मी म्हटलं, "बसा आता पानावर," तर म्हणाल्या, "इथेच द्या. इथून दिसतं."

मला मनातून गंमत वाटत होती. म्हटलं, बघू दे बसून, आता काही सापडत नाही आणि नाक खाली होतं.

संध्याकाळी भजनाच्या बायका गेल्या. मी ट्रे उचलला, पेले गोळा केले आणि आत वळले.

"वहिनी, आत्ता काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"कुठे काय? पेले उचलले."

"त्याआधी."

मी आठवायला लागले. चारही पेल्यांतलं उरलेलं पाणी मी कुंडीत ओतलं होतं! हात आपोआप गेला होता. आमच्या आईंनी ह्या घरात पाणी दिवसाआड यायचं ते दिवस काढलेले. पेल्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं तर त्यांना अजून चालत नाही. आणि आलेला माणूस कुठे पेला संपवतो? दोन घोट घेतो, ठेवतो. मग ते पाणी जवळच्या कुंडीत. जवळची कुंडी म्हणजे युका.

"तुम्ही एकट्या नाही," बाई म्हणाल्या. "आईंनी बोलता बोलता ओतलं. तुमच्या ह्यांनी पेपर वाचता वाचता ओतलं. काकांना धड दिसत नाही, तरी त्यांनी चाचपून बरोबर कुंडीतच ओतलं. पत्रिका द्यायला आले त्यांनी तुमचं बघून स्वतःचं स्वतः ओतलं."

आई तोंडाला पदर लावून बसल्या. "अगं बाई, म्हणजे आम्हीच बुडवला की त्याला!"

मला वाटलं, आता बाई ऐकवणार. त्यांचा हक्कच होता. पण त्या, ज्या आवाजात पेशंटचा ताप सांगायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "मला तुमचा हेवा वाटतो, वहिनी."

"माझा? कशाचा?"

"ह्याचाच. सकाळपासून तुमचं दार लागलं नाही. झाड बघायला येणारे आणि दूधवाला सोडून माझ्याकडे बेल वाजत नाही. माझं झाड चांगलं आहे, कारण त्याला पाणी घालायला कोणी येतच नाही."

आई लगेच म्हणाल्या, "मग या ना हो तुम्ही इकडे, रोज या." मी मात्र ट्रे हातात धरून उभी. खरं सांगू? मला वाईट वाटायला हवं होतं, ते थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं मी त्या झाडावरून आतल्या आत जळतेय, कांदे चिरतेय, टरफलं कुस्करतेय, तोंडातून एक अक्षर काढलं नाही. आणि ही बाई येते, एक दिवस बसते, आणि एका वाक्यात बोलून मोकळी! हेवा करण्यातसुद्धा ती माझ्या पुढे गेली.

मग ह्यांची लोखंड कापायची करवत आली. बाईंनी खोडाचा कुजलेला भाग कापून टाकला, वरचा निरोगी शेंडा तेवढा ठेवला. म्हणाल्या, "हे थोडे दिवस सुकायला हवं, मग वाळूच्या मातीत लावायचं. इथे ठेवलंत तर पुन्हा तेच होणार. मी नेते माझ्याकडे." माझा युका वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या घरात गेला.

आणि तिथे तो फुटला! माझ्याकडे अंडी-केळी खाऊन मरायला टेकलेला, तिच्याकडे नुसत्या वाळूत, कोणी लक्ष न देता, वरून तीन कोंब काढून बसला. मी रोज काहीतरी निमित्त काढून बघायला जायचे. वाटीभर आमटी, दोन घावने, कोथिंबिरीची जुडी. बाई म्हणायच्या, "काम काय आहे?" मी म्हणायचे, "माझं झाड बघायला आलेय." "बघा," म्हणायच्या. मग मी बसायचे आणि ठणकावून सांगायचे, "पाणी द्या." त्यांना ते फार आवडायचं. तहान लागलेली माणसं नीट बोलतात, असं काहीतरी म्हणायच्या.

त्याही आमच्याकडे यायला लागल्या. दुपारी आईंच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. आईंचं गुडघ्याचं रडगाणं मी इतकी वर्षं ऐकलं, पण "कधीपासून?" असं मी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं. त्यावर आईंनी त्यांना लग्न होऊन मुंबईला आल्यापासूनचं सगळं सांगितलं, मलाही माहीत नसलेलं. चहा मी करायचा आणि गोष्टी त्या बाईला! बाई यायला उशीर झाला की आई दाराकडे बघत राहायच्या. झाड नेलंस, आता सासूही नेतेस का, असं मला वाटायचं. आणि त्याच वेळी, बाई आल्या नाहीत की मलाही दुपार खायला उठायची.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांना घरं रिकामी करायची होती. आम्हाला कल्याण पश्चिमेला भाड्याने जागा मिळाली. बाईंनी टिटवाळ्याला एका नव्या बिल्डिंगमधली एक खोली आणि किचन घेतलं. तिथे छताला टेकणारं झाड कुठे ठेवणार? सगळ्या बिल्डिंगचा डोळा त्या मोठ्या युकावर. सेक्रेटरी तर दोनदा येऊन विचारून गेले. मी विचारलं नाही. पण माझ्या मनात तेच. तो युका माझ्या हॉलमध्ये आला पाहिजे, एवढंच मला हवं होतं. कल्याणच्या जागेत सामान लावायचं ठरवताना मी खिडकीजवळचा कोपरा आधीच रिकामा ठेवला होता, ह्यांना न सांगता.

सामान बांधायच्या गडबडीत बाई आल्या. आत आल्या, बसल्या.

"वहिनी, मोठं झाड तुम्ही न्या."

माझ्या मनात ढोल वाजले. तोंडाने म्हटलं, "अहो, राहू दे, कशाला," आणि लगेच जीभ चावली. ही बाई खरंच राहू द्यायची! घाईघाईने म्हटलं, "नाही नाही, नेते. हवंय मला. केव्हाचं हवंय."

"माहितीये," बाई म्हणाल्या. "कांदा चिरताना बघायचात तेव्हापासून."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "आणि धाकटं मला द्याल का?"

"ते माझं आहे!" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुमचंच आहे. म्हणून तर मागतेय. मोठं आता चिवट झालंय, तुमच्याकडचा गलबला सोसेल. आईंना मात्र सांगा, पेला त्यात रिकामा करायचा नाही. धाकट्याने तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या हातचं पाणी प्यायलंय. टिटवाळ्याला मी कोणाला ओळखत नाही. तुमच्यातलं काहीतरी घरात असलं तर बरं वाटेल मला."

असं तोंडावर कोण बोलतं? आपल्याकडे असं काही बोलायचं असलं तर माणसं डबाभर लाडू देतात. मी मान हलवली. बाई "चला" म्हणाल्या आणि गेल्या. आई पलंगावर डोळे पुसत होत्या. मला मात्र राहून राहून वाटत होतं की आपण फसलो. ज्या झाडासाठी इतकी वर्षं जळले ते मिळालं, आणि मिळाल्या मिळाल्या लक्ष धाकट्याकडे लागलं.

मोठा युका कल्याणच्या हॉलमध्ये बरा आहे. आम्ही आता पेले चहाच्या ट्रेमधून थेट बेसिनशी नेतो, आणि आई तिकडे पाठ करून बसतात. येणारे-जाणारे झाडाचं कौतुक करतात. वाटायला हवा तेवढा आनंद मला वाटत नाही.

गेल्या दिवाळीनंतर फराळाचा डबा घेऊन मी टिटवाळ्याला गेले. स्टेशनबाहेरून रिक्षा केली. वाटेत मनाशी ठरवत होते, बाई एकट्याच बसल्या असतील, दार बंद असेल, आपण जरा जास्त वेळ बसू. चार दिवस राहायलाच चला कल्याणला, असंही म्हणू. आईंनी तसं बजावलंच होतं.

दार सताड उघडं. खोलीत बायकाच बायका. एक मटार सोलत होती, एक बाळाला पायांवर घेऊन थोपटत होती, एक म्हातारी बाईंना आपली कंबर दाखवत होती, आणि बाई विचारत होत्या, "कधीपासून?" खिडकीत माझा धाकटा युका, तीन कोंबांचा आता चांगला डेरेदार झालेला. मला बघून बाई उठल्या. चेहरा खुलला त्यांचा, ते मी पाहिलं. "बसा," म्हणाल्या. पण बसायला जागा कुठे होती? मटारवालीने थोडं सरकून मला सतरंजीचा कोपरा दिला.

मी झाडाच्या पानाला हात लावला, तर ती मटारवाली मला सांगते, "काकी, त्याला पाणी नका हां घालू. त्याला जास्त पाणी चालत नाही. आमच्या मावशी सांगतात."

आमच्या मावशी! माझ्या झाडाचं मलाच सांगत होती. माझ्या तोंडावर आलं होतं, अगं, हे झाड कुठून आलं माहितीये का तुला? बोलले नाही. बाईंना कल्याणला चला म्हणायचं होतं, तेही बोलले नाही. इतक्या जणींसमोर कसं म्हणणार, आणि त्या गेल्या असत्या तर त्या म्हातारीच्या कमरेचं काय? फराळाचा डबा उघडला गेला, सगळ्यांनी चकल्या खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाल्या. मी निघाले.

खाली रिक्षात बसताना वर पाहिलं. बाई गॅलरीत आल्या होत्या. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये त्या कधी कोणाला निरोप द्यायला बाहेर आल्या नव्हत्या. मी हात वर केला. त्यांनीही अर्धवट हात उचलला असेल नसेल, तेवढ्यात आतून हाक आली, "ललूमावशी, या ना, चहा निवतोय!" आणि त्या लगबगीने वळल्या. "काम काय आहे?" असं त्यांनी विचारलं नाही.

ललू. त्यांचं नाव ललिता आहे हे मला दारावरच्या पाटीमुळे ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत त्या नावाने हाक मारायचं मला सुचलं नव्हतं. रिकाम्या गॅलरीकडे बघत मी तशीच बसून राहिले. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "ताई, स्टेशन ना?" माझ्या मनात मात्र एकच येत होतं. वर जाऊन, त्या दारात उभं राहून, त्या सगळ्या बायकांना ओरडून सांगावं, की बाई आधी आमच्या होत्या.